अर्धा आटा

फोड्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कुठल्या आईला सुचेल असलं? ते नाव लोकांनी दिलं, आणि लोकांच्या तोंडात घातलं त्याच्या सख्ख्या साडूनं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं इंजिन भर शर्यतीत फुटलं, त्या दिवशी हा साडू सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला होता, "ह्यानंच फोडलं! जोर दाखवायची खाज, दुसरं काय!" इंजिन फुटायला निदान आधी तापावं तरी लागतं. नाव चिकटायला तेवढाही वेळ लागला नाही.

आता हे इंजिन रोटरी. साध्या इंजिनात पिस्टन खालीवर करतात. ह्यात पिस्टन नाहीतच. एक तिकोनी लोखंडी रोटर आतल्या आत गरगरत असतो, आणि त्याच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. सगळा कारभार त्या पट्ट्यांच्या जिवावर. त्यात वर टर्बो बसवला की तो आत हवा कोंबतो, आणि किती कोंबायची ते बॉनेटखालच्या एका स्क्रूवर ठरतं. स्क्रू जरा जास्त आवळा, गाडी पिसाळल्यासारखी पळते. मग पेट्रोल वेळेआधीच पेटतं, आतून हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो, पट्टी तडकते, आणि खेळ खलास. ठिगळ लावायची सोय नाही. सगळं उघडा आणि पहिल्यापासून बांधा.

त्या दिवशी स्क्रू फोड्यानं स्वतः लावला होता, आणि हलला तर कळावं म्हणून त्यावर पांढऱ्या रंगाची रेघही मारली होती. इंजिन फुटल्यावर बघतो तर रेघ तुटलेली, स्क्रू अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आत. गॅरेज दोघा साडूंचं, गाडीवर काम करणारे दोघे. मग आपण नाही तर कोण, हे कळायला काय ज्योतिषी लागतो? फोड्या म्हणाला, तू फिरवलास. साडू म्हणाला, तू फिरवलास. हातघाईवर आले तेव्हा सासरा मध्ये पडला. दोघा जावयांना पाना धरायला त्यानंच शिकवलेलं, म्हणून दोघेही त्याला मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणाला, "मुलांनो, झालं ते झालं. एका घरातली माणसं तुम्ही."

झालं ते झालं, पण फोड्याचंच झालं. गॅरेज साडूकडे राहिलं, त्याचा आवाज मोठा म्हणून. फोड्यानं बाजारामागे एक पत्र्याची शेड घेतली आणि पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटारी, झाडं कापायच्या करवती दुरुस्त करू लागला. टर्बोची गाडी घेऊन कोणी फिरकायचं नाही. चुकून कोणी आलाच, तर दारातल्या दोन टवाळांपैकी एक हटकून म्हणायचा, "इथं कशाला? फुटेल ना!" त्याच्या बायकोला दुकानात बायका हसत हसत विचारायच्या, "घरात कुकर तरी तुम्हीच लावता ना हो?" ती त्यांच्यासमोर हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

फोड्यानं डूख धरला. साधासुधा नाही, चांगला पोसलेला. करवतीच्या साखळीला धार लावताना तो साडूला काय काय ऐकवायचं त्याची उजळणी करायचा. एखादं वाक्य जमून आलं की स्वतःशीच मान डोलवायचा. मास्तर दोन्ही लेकींकडे आळीपाळीनं जेवायला. इकडे आला की फोड्या त्याच्याजवळही साडूचं उणंदुणं काढायचा. म्हातारा घास चावत ऐकायचा आणि म्हणायचा, "सोडून दे रे. मन मोठं करावं." किती थोर माणूस, असं फोड्याला वाटायचं. तिकडेही तो हेच सांगत असणार, ह्याची त्याला खात्री होती.

अशात एक दिवस डॉक्टरीणबाई शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या. मागे दोरीनं ओढून आणलेली तीच गाडी.

फोड्यानं हातातली करवत खाली ठेवली. "बाई, चुकून आलात का?"

"चुकून नाही. तुम्ही माझं इंजिन एकदा फोडलंत. नंतर तुमच्या साडूंनी नवं बांधून दिलं, तेही फुटलं. परत बांधलं, परत फुटलं. ज्याच्या हातून कमी दात पडलेत, त्याच्याकडेच जाईन ना मी?"

"मी नव्हतं फोडलं."

"असेल. मला त्याचं काही नाही. जुन्या धावपट्टीवर दिवसभराची शर्यत आहे. सकाळी सुरू, सूर्य मावळला की संपली. मला पहिला नंबर नको. संध्याकाळी गाडी स्वतःच्या चाकांवर घरी यायला हवी. जमेल?"

साडूची गाडीही त्याच शर्यतीत उतरणार होती, हे गावभर झालेलं होतं. फोड्याच्या अंगातून वीज गेली. "जमेल म्हणजे? बाई, तुम्ही म्हाताऱ्या व्हाल, हे इंजिन होणार नाही."

"मी आत्ताच आहे," बाई म्हणाल्या आणि चावी टेबलावर ठेवून गेल्या.

मग फोड्यानं कामाला जी मिठी मारली, काय विचारता. इंजिन उघडून आतला गुळगुळीत पृष्ठभाग नखानं चाचपला. नख अडलं तो भाग बाद, मग तो वरून कितीही चकाकत का असेना. नव्या पट्ट्या एकेक करून बसवल्या, फट मापली, पुन्हा काढल्या, पुन्हा घासल्या. रेडिएटर जाड घातला, ऑइल थंड करायला एकाच्या जागी दोन कूलर दिले, कारण ह्या इंजिनाला अर्धा थंडावा ऑइलच देतं आणि लोक बसतात पाणी बघत. पेट्रोलचा पंप मोठा घेतला, म्हणजे जोरात पळताना आत पेट्रोल कमी पडून आग भडकायला नको. शिवाय जुन्या स्कूटरला घालायचे तसं पेट्रोलमध्येच थोडं ऑइल मिसळायचं ठरवलं, पट्ट्या कोरड्या घासू नयेत म्हणून. आणि बाईंना बसवून दोन गोष्टी पाठ करून घेतल्या. थंड इंजिन सुरू करून, गाडी हातभर हलवून लगेच बंद करायची नाही, आत पेट्रोल साचतं. आणि पळून आल्यावर टर्बो लाल झालेला असतो, त्याला दम खाऊ दिल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

"पेशंटला मी तेच सांगते," बाई म्हणाल्या. "चूळ भरल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही."

उष्णतेचा बंदोबस्त झाला, कोरडेपणाचा झाला. राहिला माणसाचा हात. इंजिन कितीही टिकाऊ बांधा, बॉनेट उघडून कोणी आवळायचं ते आवळलं तर काय कपाळ टिकणार? फोड्यानं डोकं चालवलं. हवा किती कोंबायची ते ठरवणारा खरा व्हॉल्व्ह त्यानं खाली, पत्र्याच्या झाकणाआड दडवला आणि झाकणाला कुलूप घातलं. वरचा जुना स्क्रू होता तिथंच ठेवला, पण त्याची नळी आतून बंद केली. फिरवा हवा तेवढा, गाडीच्या बापाला पत्ता लागणार नाही. एवढ्यावर थांबला असता तर तो शहाणा मेकॅनिक. पण त्याला नुसतं इंजिन टिकवायचं नव्हतं, उट्टं काढायचं होतं. दोन भाग एकमेकांवर नीट टेकतात का ते बघायला फिटर लोक निळा मलम वापरतात. बोटाला लागला की साबण हात टेकतो. तो मलम त्यानं स्क्रूच्या टोपीखाली काडीनं आतून माखला.

बायको डबा घेऊन आली होती. तिनं विचारलं, "हे काय चाललंय?"

त्यानं सांगितलं.

"म्हणजे दुधाचं पातेलं उघडं टाकून बोक्याची वाट बघणार."

"बघणार. चार लोकांत त्याचे हात धरून वर करणार."

"ताईचा नवरा आहे तो."

"आणि तू फोड्याची बायको आहेस."

 तिनं डबा उघडला, परत झाकला. मग म्हणाली, "थोडा जास्त लावा."

शर्यतीच्या दिवशी सकाळी सगळ्या गाड्या तपासणीसाठी ओळीत, बॉनेटं उघडी. आणि दैव बघा, शेजारचा तंबू साडूचा. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मधल्या मध्ये दूध नासावं. मास्तर दोन्ही तंबूंच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसला, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. त्यानं एक चहा इकडे घेतला, एक तिकडे. फोड्याच्या इंजिनात डोकावून त्यानं विचारलं, "किती ठेवलंयस?"

"कमीच. टिकायचंय आज."

"हं," मास्तर म्हणाला. "घोडी चांगली आहे. लगाम फार ओढतोस."

फोड्यानं मुद्दाम बॉनेट तसंच टाकलं आणि बायकोला घेऊन लांबच्या चहाच्या टपरीकडे निघाला. मान मागे वळायला बघत होती, त्यानं वळू दिली नाही. सावज बिचकायला नको. चहा कधी प्यायला, गोड होता की कडू, काही कळलं नाही. परत येऊन बघतो तर टोपी जराशी तिरकी. चिमट्यानं उचलून पाहिली, स्क्रू अर्धा आटा आत.

त्याला नाचावंसं वाटलं. सापडला! शेजारी साडू आपल्या गाडीभोवती फिरत होता, हातात कापडी हातमोजे. हातमोजे! हात लपवून हिंडतोय लेकाचा. फोड्याच्या मनात आलं, आत्ताच ओढून काढावेत. पण आत्ता बघायला आहे कोण, चार मेकॅनिक आणि एक कुत्रा. दिवस मावळू दे, सगळं मैदान गोळा होऊ दे. इतकी वर्षं कळ काढली, अजून एक दिवस.

शर्यत सुरू झाली. साडूची गाडी बाणासारखी पुढे गेली. डॉक्टरीणबाई मागून एका चालीत, दवाखान्यात रांगेतला एकेक पेशंट घ्यावा तशा फेऱ्या घेत होत्या. ऊन चढलं, धावपट्टीवरची हवा थरथरायला लागली. दोन गाड्यांचं पाणी उकळलं, एकीचा गिअर गेला. बाई पेट्रोल भरायला आत आल्या की फोड्या आधी काट्यांकडे बघायचा. ऑइल जागेवर, पाणी जागेवर. तो हळूच बॉनेटला हात लावून बघायचा, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा.

दुपार कलली आणि धावपट्टीच्या पार टोकाला एक फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. मग धूर. साडूची गाडी. खोटं कशाला बोला, फोड्याच्या मनात उकळ्या फुटल्या. बायकोनं त्याचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. ती हसत नव्हती, पण डोळे लखलखत होते.

गाडी दोरीनं ओढत आणली. साडूनं बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि तसाच थिजला. मग तो वळला, आणि त्याच्या आवाजानं सगळे तंबू रिकामे झाले. "फोड्या! माझ्या गाडीला हात लावलास! स्क्रू अर्धा आटा आत आहे! जित्याची खोड..."

"चोराच्या उलट्या बोंबा!" फोड्या पुढे झाला. माणसं जमली होती, मेकॅनिक, ड्रायव्हर, निशाण दाखवणारे, दोघी बहिणी. असंच हवं होतं त्याला. पाठ केलेली सगळी वाक्यं ऐन वेळी विसरली, एवढंच राहिलं, "मोजे काढ."

"काय?"

"हातमोजे काढ. बघा हो सगळ्यांनी! माझ्या गाडीच्या स्क्रूला मी निळा मलम लावून ठेवलाय. सकाळी कोणीतरी तो फिरवलाय. ज्याचे हात निळे, त्यानं आजचं केलं आणि तेव्हाचंही केलं. काढ मोजे!"

साडूनं मोजे ओढून काढले आणि त्याच्या तोंडावर फेकले. हात पुढे केले. घामानं पांढरे पडलेले, सुरकुतलेले, स्वच्छ हात. निळ्याचा ठिपकासुद्धा नाही, मोज्यांवरही नाही.

 फोड्यानं ते हात उलटे करून पाहिले, नखांत पाहिलं, काहीच नाही. गर्दीत कोणी तरी हसलं. साडू म्हणाला, "झालं समाधान? आता तुझे दाखव!" त्याचेही स्वच्छ होते. दोघे एकमेकांचे हात धरून उभे राहिले, लग्नात पहिल्यांदा भेटलेल्या व्याह्यांसारखे.

तेवढ्यात मास्तर वाट काढत आला. भांडण दिसलं की मध्ये पडायचं, ही सवय. पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, "मुलांनो, आधी पाणी प्या. झालं ते झालं."

बाटलीवर निळ्या अंगठ्याचा ठसा होता. चारही बोटं निळी होती. कानाच्या पाळीलाही लागलं होतं, खाजवलं असणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फोड्यानं ते हात बघितले आणि त्याला आधी काही समजेचना. "मास्तर, हे काय?"

म्हाताऱ्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. "अरे, अर्धाच आटा," तो म्हणाला. "दोघांच्याही गाडीला. पक्षपात नाही केला. तुम्ही दोघं पडला भित्रे. चांगल्या घोड्या नुसत्या बांधून ठेवता."

"आणि त्या दिवशी? बाईंच्या गाडीला?"

"तेव्हाही अर्धाच."

"आणि नंतर माझ्याकडे?" साडूचा आवाज चिरकला. "बाईंची दोन इंजिनं फुटली मास्तर. मी पट्ट्या बदलून बदलून वेडा झालो."

म्हातारा निळी बोटं शर्टाला पुसायला लागला, आणि ते पुसणं म्हणजे हो.

लोक हसायला लागले. एकजण म्हणाला, "म्हातारा तिखट आहे बरं का!" दुसऱ्यानं टाळी दिली. त्यांच्या लेखी ती गंमत झाली, घरी जाऊन सांगायला बरी. फोड्या ते हसणं ऐकत उभा होता. आपलं गॅरेज गेलं, नाव गेलं, बायकोची मान खाली गेली, त्याची एवढीच किंमत, एक टाळी.

"तुम्ही तिथंच होतात," तो म्हणाला. "मला फोड्या म्हणाले तेव्हा. एक शब्द बोलायचा होता."

"तू तरुण होतास, निभावून नेशील म्हटलं. ह्या वयात माझं नाव गेलं असतं तर मला कोणी दारात उभं केलं असतं? आणि मी काय तुला तोडलं का रे? जेवायला येतच होतो ना तुझ्याकडे?"

फोड्याची बायको पुढे आली. "बाबा, मी तुमच्यासमोर रडले होते. भाजी वाढता वाढता. लोक असं असं म्हणतात म्हणून सांगत होते. तुम्ही मीठ मागितलंत."

ह्यावर मात्र कोणी हसलं नाही.

सूर्य टेकला तेव्हा डॉक्टरीणबाईंची गाडी धावतच होती. पाचवी आली. बाई तंबूपाशी थांबल्या, इंजिन चालू ठेवून तशाच बसून राहिल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "दम खाऊन झाला की सांगा." मग चावी फिरवली. कर्ण्यावरून आवाज आला, "दिवसभर न थांबता पळालेली टर्बो रोटरी, आणि इंजिन बांधणारे आपले सगळ्यांचे फोड्या!" टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. आग लागो त्या टाळ्यांना. लोक एकदा नाव देतात ते देतात, परत न्यायला कोणी येत नाही.

साडू शेजारी येऊन उभा राहिला. "मी तुलाच समजत होतो," तो म्हणाला.

"मी तुला."

 साडूच्या बंद पडलेल्या गाडीला न्यायला क्रेनचा ट्रक आला होता, पुढची चाकं उचलून ती मागे टांगली होती. फोड्या आपल्या घरच्या गाडीकडे गेला तर पुढच्या सीटवर मास्तर बसलेला. आज जेवण इकडे होतं ना. मांडीवर निळे हात ठेवून तो निवांत समोर बघत होता.

इतक्या वर्षांचा राग साडूवर निघायला तयार होऊन बसला होता, आणि साडू निघाला निर्दोष. मग तो राग गेला कुठे? कुठे जातोय! फोड्यानं दार उघडलं. "उतरा, मास्तर."

"का रे?"

"तुम्ही ट्रकमधून जायचं. आपलं काम मागे टांगून."

"अरे, त्या ट्रकात? कंबर राहील का माझी? उसळ्या बसतील."

"बसतील," फोड्या म्हणाला.

म्हाताऱ्यानं धाकट्या लेकीकडे पाहिलं. ती हलली नाही. थोरलीकडे पाहिलं. ती नवऱ्याच्या फुटक्या गाडीकडे बघत होती. साडू आला आणि त्यानं एक दंड धरला, दुसरा फोड्यानं. दोघा जावयांनी मिळून त्याला ट्रकच्या उंच पायरीवर चढवलं, सांभाळून, कुठे लागू न देता. त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. फोड्यानं मनात शोधून पाहिलं, वाटत नव्हतं.

ट्रकवाला बोलका होता. मागे टांगलेल्या गाडीकडे मान वळवून त्यानं विचारलं, "गेलं वाटतं इंजिन? कोणी फोडलं हो?"

म्हातारा खाली बघायला लागला. मग त्यानं वाट पाहिली, दोघांपैकी कोणी तरी काही बोलेल, विषय सावरून घेईल. कोणी सावरला नाही.

"मी," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?" ट्रकवाल्यानं कानाला हात लावला. खाली डिझेलचं इंजिन खडखडत होतं.

फोड्या दार धरून उभा होता. "मोठ्यानं सांगा, मास्तर. त्यांना ऐकू नाही आलं."

म्हाताऱ्यानं मोठ्यानं सांगितलं. मगच फोड्यानं दार लावलं.